परडं आखताना

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मला दिलेला विषय आहे 'आरोग्यासाठी परसबाग'. परसबाग हा शब्द आपल्याकडे कागदावरच भेटतो. आपण मालवणातल्या बाया परडं म्हणतो, मागच्या दारचं परडं. तेव्हा मी परड्याविषयीच बोलणार आहे. कोणत्या भाजीत कोणतं जीवनसत्त्व, याचे तक्ते अंगणवाडीच्या भिंतीवर असतात. ते चांगलेच आहेत, पण तेवढ्यावर परडं उभं राहत नाही. हे मला चुका करून कळलं, म्हणून चुकांपासूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका योजनेतून परसबागेचा नकाशा मिळाला. मधोमध खतखड्डा, भोवती गोल गोल वाफे, प्रत्येक वाफ्यात वेगळी भाजी. चित्र फार सुरेख होतं. आम्ही १४ जणींनी उत्साहानं वर्तुळं आखली. बियाण्याच्या पाकिटात पालक, मेथी, कोथिंबीर आणि टोमॅटो. दिलं जूनमध्ये, म्हणून पेरलंही जूनमध्ये. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात पालकाचं काय होणार? आठवड्यात चिखल झाला. गणपतीनंतर पुन्हा पेरलं. ते उगवलं, पण नकाशात बसावं म्हणून वाफे जिथं मोकळी जागा होती तिथं, म्हणजे विहिरीपासून सगळ्यात लांब केले होते. फेब्रुवारीत १४ पैकी तीन परडी हिरवी राहिली होती. बैठकीत मी जरा रागानंच विचारलं, तेव्हा आमच्यातली एक काकी म्हणाली, "झाडां लावूक काय झाला? पाणी कोण घालतला?"

मैत्रिणींनो, तिच्या ह्या एका प्रश्नात सगळा विषय आहे. उन्हाळ्यात दोन गुंठे भाजी जगवायची तर आमच्याकडे दिवसाला पंधरा-वीस कळशा लागतात. पहाटे उठून न्याहरी, मासळी बाजार, गुरं, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, आणि त्यावर ह्या वीस कळशा. कुटुंबाचं आरोग्य सुधारण्यासाठी म्हणून आपण बाईचीच कंबर मोडतो आणि त्याला परसबाग म्हणतो. कुपोषणाचा प्रश्न आला की सरकारला काय आणि संस्थांना काय, पहिली आठवते ती बाईची मोकळी वेळ. ती तिच्याकडे आहे का, हे कुणी विचारत नाही.

मग आम्ही उलट केलं. नकाशा बाजूला ठेवला आणि आधी बाईची वाट आखली. बाई दिवसभरात मागच्या दारातून कुठं कुठं जाते? चुलीकडून न्हाणीला, न्हाणीकडून विहिरीला, विहिरीवरून गोठ्याला, लाकडं ठेवलेल्या मांगराला, संडासाला. ही वाट तिला चुकत नाही, पाऊस असो, पाळी असो, ताप असो. जे रोज खुडायचं ते ह्या वाटेच्या दोन्ही कडांना लावायचं. तांबडी भाजी, वाली, मिरची, कढीपत्ता दारापासून दहा पावलांत. जे वर्षातून एकदा काढायचं, ते सुरण, कणगी, करांदे, हळद, गडग्याच्या कडेला. एवढ्या एका बदलानं पुढच्या वर्षी नऊ परडी टिकली. कारण वेगळा वेळ काढावा लागला नाही. जाता-येता हात पुरायला लागला.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या सासूबाई शिकलेल्या नव्हत्या, पण न्हाणीचं पाणी त्यांनी कधी वाया जाऊ दिलं नाही. न्हाणीच्या मागं अळू, अळवाच्या पुढं केळी, केळीच्या पुढं माड. पाणी आपल्या पायानं जायचं. आपण मात्र सिमेंटची न्हाणी आणि पाइप आला तसं ते पाणी गटारात सोडलं. ते परत वळवा. फक्त एक करा, कपड्यांच्या सोड्याचं आणि पावडरचं पाणी पालेभाजीला घालू नका, ते केळी-कर्दळीकडे जाऊ द्या. भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं आणि मासळीचं धुवण वेगळं धरा. मासळीच्या धुवणावर माड किती खूश असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

किनाऱ्यालगत आपली जमीन पुळणीची, पाणी घातलं की चाळणीतून गेल्यासारखं जातं. म्हणून वाफ्याच्या तळाला माडाची सोडणं उलटी-सुलटी पुरायची, वर शेण आणि पालापाचोळा. सोडणं ओल धरतात, भाजीला निम्मं पाणी पुरतं. पावसाळ्यात वाफा उंच, उन्हाळ्यात वाफा खोल. गोल की चौकोनी याला काही महत्त्व नाही. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी, खाली जमिनीवर अळू. मुळा, नवलकोल, तांबडी भाजी ही वायंगणाची, म्हणजे पाऊस संपल्यावरची. हे आपल्या आजींना ठाऊक होतं. पाकीट देणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि आम्हीही बोललो नाही, कारण पाकीट फुकट होतं.

माकडांविषयी मी बोलले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. केळी, पपई, चिबूड, काकडी, माडाची कोवळी फळं, माकडं काही ठेवत नाहीत. अनेक जणींनी परडं सोडून दिलं ते ह्याच कारणानं. माझ्याकडे खात्रीचा उपाय नाही, आणि कुणाकडे असेल तर आज बोलावं. मी एवढंच केलं की परड्याचा अर्धा भाग माकडांना न रुचणाऱ्या झाडांवर नेला. माझ्याकडे तरी सुरण, हळद, आलं, अळू, मिरची यांच्या वाटेला ती गेली नाहीत. शेवग्याचा पाला सगळा संपवत नाहीत. उरलेल्या अर्ध्याची त्यांच्याशी रोजची भांडणं चालूच आहेत.

आता आरोग्य. परडं आरोग्य देतं तसं घेतंही, हे भाषणांत कुणी सांगत नाही. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो. उंदराच्या आणि गुरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या भेगेतून तो शिरतो. म्हणून परड्यातली वाट चिऱ्यांची आणि उंच हवी, पाणी साचलेली नको. गमबूट पुरुषाच्या मापाचे आणून ठेवू नका, स्वतःच्या मापाचे घ्या. पावसाळ्यात ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा, अंगावर काढू नका. ओल्या मातीत अनवाणी चालण्यानं आकडेकृमी तळव्यातून शरीरात जातात आणि आतड्यात बसून रक्त पितात. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही, त्याचं हे एक कारण असू शकतं. परड्यात पडलेल्या करवंट्या आणि फुटके डबे म्हणजे डासांची वसाहत, ते उपडे करा. लाकडं आणि सोडणांचा ढीग वाटेपासून लांब ठेवा, त्यात फुरसं बसतं. संध्याकाळी मिरची खुडायला जाताना विजेरी घ्या. आणि चावलंच तर पाला वाटत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा, सापाच्या विषावर लस तिथंच मिळते.

पाल्यावरून आठवलं. औषधी वनस्पती लावा म्हणून फार आग्रह असतो. अडुळसा, पानओवा, गवती चहा, तुळस माझ्याकडेही आहेत आणि सर्दी-खोकल्याला मी ते वापरते. पण काढ्याच्या नावाखाली बाईला घरात ठेवण्याची सवय आपल्या समाजाला आहे. नवऱ्याला ताप आला की रिक्षा येते, बायकोला आला की अडुळसा उकळतो. अडुळसा चांगलाच आहे. पण दोघांना एकच न्याय लावा.

रक्त कमी असणं हा आपला मुख्य आजार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ४८ बायांना रक्तक्षय होता. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, तो आकडा ५४ वर गेला. म्हणजे ह्या मंडपात बसलेल्या दोघींपैकी एक. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते की मोठ्या माणसानं रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी. पाच माणसांच्या घराला अर्धा किलो. बाजारातून रोज अर्धा किलो कोण आणणार? परड्यातून मात्र ती येऊ शकते. शेगलाचा पाला आपण वर्षातून एकदा, गोकुळाष्टमीला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याबरोबर खातो, आणि बाकीचं वर्ष झाड शेंगांसाठी ठेवतो. पाला आठवड्यातून दोनदा खा की! तांबड्या भाजीत मूठभर सुकी जवळा टाका. भाजीतलं लोह एकट्यानं अंगी लागत नाही, मासळी सोबत असली की जास्त लागतं. वरून लिंबू पिळा. आणि जेवणाबरोबर चहा नको, चहा लोह अडवतो. लोहाच्या गोळीवरही चहा नको. रक्त फारच उतरलं असेल तर भाजीच्या भरवशावर राहू नका, गोळ्या घ्याच.

पण खरी गोम पुढं आहे. दुसऱ्या वर्षी आमच्या गटानं रक्त तपासून घेतलं. परडं चांगलं पिकलेल्या घरांतही बायांचं रक्त फारसं वाढलं नव्हतं. मला कळेना. मग एकेकीच्या घरी जेवणाच्या वेळी जाऊन बसले. एकीच्या घरी पहिली भाजी खोल्यांवर उतरलेल्या पाहुण्यांना, मग पुरुषांना, मग मुलांना. तिच्या ताटात भात, कढी आणि भाजीच्या टोपात उरलेलं खोबरं. दुसरी म्हणाली, "चांगली जुडी झाली तर मी विकतंय, मीठ-मिरचेचे पैशे सुटतत." तिला मी काय सांगू? तो पैसा तिच्या हातातला एकमेव पैसा होता. आम्ही गटात पुष्कळ भांडलो ह्यावर. शेवटी ठरलं ते असं की वाटेच्या डाव्या कडेचं विकायचं, उजव्या कडेचं घरात खायचं, आणि उजव्या कडेची भाजी वाढताना बाईनं आधी आपला वाटा काढून ठेवायचा. ऐकायला पोरकट वाटतं. काही सासवांना ते उद्धटपणाचंही वाटलं. एका घरात त्यावरून आठ दिवस अबोला होता. पण ज्या घरात हे जमलं तिथं पुढच्या तपासणीत फरक दिसला. सगळ्या घरांत जमलं नाही, हेही सांगून टाकते.

मनाच्या आरोग्याविषयी बोला, असं मला संयोजक बायांनी मुद्दाम सांगितलं होतं. शहरातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं की बागेत शांत वाटतं. वाटत असेल. परड्यात बाईला पहिली हवी असते ती बसायला जागा. अंगणात पुरुष बसतात, ओटीवर पाहुणे बसतात, स्वयंपाकघरात बसलं तर कुणीतरी हाक मारतं. परड्यात फणसाखाली एक रुंद चिरा टाका, तुमचा. काम नसतानाही तिथं बसायचं. आधी दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटतं, मग सवय होते.

आणि दोन परड्यांच्या मधलं बेडं बंद करू नका. पूर्वी गडग्यात शेजारच्या परड्यात जायला बेडं असायचंच. आता वाटण्या झाल्या, तारेचं कुंपण आलं, आणि शेजारणीकडे जायचं तर रस्त्यावरून, सगळ्यांच्या देखत. आमच्या वाडीतली एक मुलगी, नाव सांगत नाही, एका रात्री मार खाऊन मागच्या दारानं निघाली आणि बेडं ढकलून शेजारच्या काकीच्या चुलीपाशी येऊन बसली. पुढचं दार बाहेरून बंद होतं. ते बेडं नसतं तर ती कुठं गेली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यानंतर आम्ही परड्याच्या आखणीत बेडं हा कायमचा भाग केला. कुणी विचारलं तर सांगतो, बियाणं द्यायला-घ्यायला सोपं पडतं. ते खोटंही नाही.

आता जमिनीचं बोलते, कारण ह्याच्याशिवाय बाकीचं सगळं वाळूत रेघा मारण्यासारखं आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ बाया होत्या. राज्यात हजाराच्या वर बाया फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. कारण तुम्हाला ठाऊक आहे, पुरुष मुंबईला. घर, गुरं, परडं बाई सांभाळते आणि सातबारावर नावं चाकरमान्यांची. १९९७ साली जिल्हा पर्यटन जिल्हा झाला, तेव्हापासून किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गुंठ्याला भाव आला. मे महिन्यात माझे दीर आले, परड्यात उभे राहिले आणि म्हणाले, "वयनी, मागच्या दारी नुसता रान माजलाहा. चार खोल्ये काढुया." माणूस वाईट नाही. त्यांना खरंच रान दिसलं. सासूबाईंनी लावलेला कोकम, नीरफणस, चाळीस वर्षांची कणगीची जागा, यांना कुठल्या कागदावर नाव नसतं.

खोल्यांना माझा विरोध नव्हता. पर्यटनावर आपल्यातल्या कितीतरी जणींची चूल चालते. माझं म्हणणं पाण्याचं होतं. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, सायीसारखं. कळशीनं काढलं तर साय राहते. चार खोल्यांच्या चार न्हाण्यांसाठी पंप लावला की साय ओढली जाते आणि खालून खारं वर येतं. एप्रिल-मेमध्ये मचूळ झालेल्या विहिरी तुम्ही पाहिल्या आहेत. एकदा विहीर खारी झाली की परडंही गेलं आणि खोल्याही गेल्या. पण हे बोलायला गेले तेव्हा कळलं की बोलायचा मला अधिकारच नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि वारस नोंदीत फक्त मुलाचं नाव लागलं होतं. कुणी लावलं, का लावलं, ते आता उगाळत नाही. मीही कधी उतारा काढून पाहिला नव्हता, ती चूक माझी.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुला-मुलींच्या बरोबरीनं वाटा दिलेला आहे. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर लावायचा सरकारचा निर्णय २००३ चा. कायदे आहेत. शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीच्या मोहिमेत गावोगाव बायकोच्या नावे जमीन करून घेतली, त्याला तीस वर्षांवर काळ लोटला. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायांनी घरच्या शेतातून एक एकर मागून घेतलं आणि तिथं घराला लागणारं अन्न पिकवलं. त्या कामाला २०१७ साली इक्वेटर पुरस्कार मिळाला. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, गावठी बियाणं जपल्याबद्दल. ह्या सगळ्या कामात मला एक गोष्ट दिसते. काय पेरायचं आणि कशासाठी, हे ठरवण्याइतकी जमीन बाईच्या हाती होती.

माझं नाव लागायला चौदा महिने आणि अकरा फेऱ्या लागल्या. गटातली कुणी ना कुणी प्रत्येक फेरीला बरोबर होती, हे मुद्दाम सांगते. नाव लागल्यानं सगळं आपल्या मनासारखं होतं असं नाही, पण निदान विचारायला तरी यावं लागतं. दीर विचारायला आले. दोन खोल्या पुढच्या बाजूला झाल्या, पंप लहान बसला आणि मार्चनंतर तो किती वेळ चालवायचा ते ठरलं. विहिरीवरचा रहाट काढायचा नाही, हेही ठरलं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं, तेव्हा माझे तीन माड पडले आणि कितीतरी दिवस वीज नव्हती. सगळ्यांचे पंप मुके होते. आजूबाजूची सात घरं त्या रहाटावर पाणी भरायची. खोल्या पुढं आणखी वाढवायच्या का, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. मुलगा लग्नाचा आहे, त्याला उत्पन्न हवं आहे, आणि त्याचंही म्हणणं अगदी खोटं नाही.

एवढंच बोलायचं होतं. मृग तोंडावर आहे. बाहेर टोपल्यांत कणगीचे आणि करांद्याचे कंद ठेवले आहेत, सुरणाचेही थोडे आहेत. प्रत्येकीनं दोन-दोन घ्या, जास्त नको, मागं बसलेल्यांनाही पुरले पाहिजेत. वालीचं आणि तांबड्या भाजीचं बी आणलेलं नाही, ते ऑक्टोबरात वाटू. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या घराचा सातबारा आणि ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा घेऊन या. सातबारा तलाठ्याकडे मिळतो, त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. कुणाला एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर मला आजच सांगा, सोमवारी आम्ही चौघी जाणारच आहोत.